नवरात्रातलं कुलूप

मुलुंड पूर्वेच्या त्या सहाव्या मजल्यावरच्या घरात आश्विन महिना म्हणजे नुसती पळापळ असे. गणपती गेले, सहामाही आटोपली, की शाळांच्या अंगात यायचं. आज चैतन्यची फुटबॉलची मॅच, उद्या क्षमाची सहल, परवा विज्ञान प्रदर्शन, आणि मध्येच एखादा 'यलो डे'. त्या दिवशी पिवळा फ्रॉक सापडला नाही तर जणू आभाळच कोसळणार होतं! सुबोध आणि श्वेता दोघंही नोकरीवाले. ऑफिसातून यायचे, उभ्या उभ्या चहा प्यायचे, मुलांना गाडीत कोंबायचे आणि निघायचे. दार लागायचं, लिफ्टचा आवाज खाली खाली जायचा, आणि घरात विमलाबाई उरायच्या.

"आई आहे ना घरी," हे सुबोधचं आवडतं वाक्य. कुरिअरवाला येणार असो, वॉशिंग मशीन दुरुस्त व्हायचं असो, की गॅसचा सिलेंडर यायचा असो. आई आहे ना घरी. यात वाईट काहीच नव्हतं. मुलगा प्रेमळ होता, सूनही सासूला दुखवणारी नव्हती. बाहेरून येताना त्यांच्यासाठी आठवणीने काहीतरी बांधून आणायचे, इडली, ढोकळा, कधी आइस्क्रीम. ते डब्यातलं आइस्क्रीम चमच्याने खाताना विमलाबाईंना वाटायचं, हे तिथे बसून खाल्लं असतं तर कसं लागलं असतं? पण हे काही कुणाला विचारायचं असतं होय!

त्यात नवरात्र आलं की विचारायची सोयही उरत नसे. देवगडकडचं त्यांचं घराणं, घट बसायचे. परडीत माती, मातीत धान्य, मधोमध कलश, आणि शेजारी नऊ दिवस तेवणारा अखंड दिवा. आणि घट बसले की घर बंद ठेवायचं नाही, दाराला कुलूप लावायचं नाही, ही सासूने घालून दिलेली रीत. देव घरात बसलेला असताना त्याला कोंडून कुठे हिंडता? परळच्या चाळीत होते तेव्हा या गोष्टीचं काहीच वाटत नसे. माणसं चिक्कार होती, कुणी ना कुणी घरात असायचंच. आता घर मोठं झालं होतं आणि थांबायला एकच माणूस होतं.

खरं सांगायचं तर हे त्यांनीच ओढवून घेतलं होतं. लग्न होऊन आलेली श्वेता पहिल्याच नवरात्रात म्हणाली होती, "आई, आज तुम्ही जा देवळात, मी थांबते." तर विमलाबाई फाडकन म्हणाल्या, "नको गो बाय. तेल घालूक विसरशीत, नि मगे माझ्या जिवाक घोर." झालं. शहाणी मुलगी, तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्या एका वाक्याने विमलाबाई जन्माच्या अडकल्या. यजमान धोंडू गिरणीतून निवृत्त होऊन पुढे वारले, घर बदललं, नातवंडं झाली, पण नवरात्रात घरी कोण थांबणार हा प्रश्न या घरात पुन्हा निघालाच नाही.

या वर्षी मात्र त्यांच्या जिवाला हुरहुर लागली होती. क्षमाच्या शाळेत लोकगीतांचा कार्यक्रम होता आणि चौथीतली क्षमा एकटीने ओवी म्हणणार होती. तीही विमलाबाईंच्या आईची ओवी. होडीतून सासरी निघालेली लेक मागे वळून माहेरचे माड बघते आणि एकेक माडाचा निरोप घेते, अशी. महिनाभर आजी-नात दुपारी त्याच उद्योगाला लागल्या होत्या. जातं घरात कुठलं असणार? विमलाबाई पाटावर पालथी परात ठेवायच्या आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसा तिच्यावर हात फिरवायच्या. त्या हाताच्या फेऱ्यावर क्षमा ओळ उचलायची. तिसऱ्या कडव्याला हमखास अडखळायची. मग आजीचा हात एक फेरी जास्त मारायचा आणि पोरगी सावरायची.

शनिवारी दुपारी कार्यक्रम. सकाळी चैतन्यची मॅच अंधेरीत. आईबाबा त्याला घेऊन गेले होते, तिथून थेट शाळेत येणार होते. खालच्या मजल्यावरची माधुरी आपल्या मुलीबरोबर क्षमालाही घेऊन जायला आली. नऊवारीत गुरफटलेली क्षमा दारात थबकली.

"आजी, तू खरंच नाही येणार?"

"घट हत ना गो. दिवो कोण बघतलो?"

"मग मी कोणाकडे बघून म्हणू?"

"आईबाबा येतत ना. त्यांच्याकडे बघ."

क्षमा गेली. लिफ्ट खाली गेली. विमलाबाई घटाशी बसल्या आणि दिव्याची वात उगीचच पुढे सारली.

थोड्या वेळाने सुबोधचा फोन आला. "आई, वाट लागली. मॅच लांबली, आणि आता साकीनाक्याला अडकलोय. गाडी जागची हलत नाहीये. वेळेवर पोचू असं वाटत नाही. तू क्षमाला काही बोलू नको हां, मूड जाईल तिचा." मागून श्वेताचा आवाज येत होता, "माधुरीला सांग ना व्हिडिओ काढायला."

फोन ठेवल्यावर विमलाबाईंच्या डोळ्यांसमोर ती पोर उभी राहिली. मंचावर एकटी, समोर सगळ्यांचे आईबाप, आणि तिचं कुणीच नाही. आपल्यासाठी म्हणून कुणीच नसणं काय असतं, ते या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आधी त्यांनी शेजारच्या दोन्ही घरांच्या बेल वाजवून बघितल्या. घटापाशी बसायला कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं. पण शनिवारची दुपार, सगळे आपापल्या पोरांना घेऊन कुठे ना कुठे गेलेले. मग त्या परत आल्या, दिव्यात काठोकाठ तेल घातलं, घटासमोर डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "आई, जरा सांभाळून घे. मी हयसरच जावन येतंय."

आणि मग वेगळीच पंचाईत झाली. त्यांच्याकडे घराची किल्लीच नव्हती. सुबोधकडे होती, श्वेताकडे होती, चैतन्यच्या दप्तरातही होती. कायम घरात असणाऱ्या माणसाला किल्ली कशाला लागते? हे त्यांच्या आजच ध्यानात आलं. शेवटी माळ्यावरच्या डब्यातून धोंडूंचं चाळीतलं पितळी कुलूप काढलं, आतलं दार नुसतं लोटून ते बाहेरच्या सेफ्टी डोअरला घातलं, आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. कुलूप लागल्याचा तो खट्ट आवाज त्यांना साऱ्या इमारतीत ऐकू गेल्यासारखा वाटला.

उन्हातून चालत त्या शाळेच्या फाटकावर पोचल्या, तर रखवालदाराने पास मागितला. "पास नाही रे बाबा, मी क्षमाची आजी," एवढंच त्या म्हणाल्या. त्याने फाटक उघडलं. "जावा आजी. बसायला जागा नाय मिळणार, सांगून ठेवतो."

जागा नव्हतीच. त्या सभागृहाच्या शेवटी, दाराला टेकून उभ्या राहिल्या. उन्हासाठी घेतलेला पदर डोक्यावर तसाच होता. क्षमा मंचावर आली. तिची नजर पहिल्या रांगेवरून फिरली, दुसऱ्या रांगेवरून फिरली, माधुरीच्या फोनवर थांबली आणि पुन्हा शोधू लागली. तरी तिने सुरुवात केली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला पोरगी थांबली. सभागृहात माना वळल्या, कुणीतरी पोर खिदळलं.

विमलाबाईंचा हात आपोआप वर गेला आणि हवेत फिरू लागला. एक फेरी. आणखी एक. क्षमाने ओळ उचलली आणि शेवटपर्यंत नेली. टाळ्या वाजल्या तेव्हा विमलाबाई रडत होत्या आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण घट आठवले आणि त्या टाळ्या संपायच्या आत बाहेर पडल्या.

घरी आल्या तर दिवा विझलेला. तेल काठोकाठ होतं, वातही धड होती, पण वर पंखा गरगर फिरत होता, आणि वाऱ्याला आड बसायला आज त्या नव्हत्या. घरातून निघताना पंखा बंद करायचा असतो, ही बाहेर जाणाऱ्या माणसांची सवय. ती त्यांना असणार कुठून! त्यांनी पंखा बंद केला, दिवा पुन्हा लावला, घटापुढे नाक घासलं आणि पितळी कुलूप डब्यात टाकून डबा माळ्यावर सरकवला. अपराधी वाटत होतं, आणि त्याच वेळी आतून असं भरून आलं होतं की ते कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. पण सांगणार कुणाला?

दिवेलागणीला सगळी मंडळी आली. आल्या आल्या सुबोधने फोन टीव्हीला जोडला. "आई, बस इथे. तू मिस केलंस यार! काय झकास म्हटलंय हिने!"

"तुम्ही होतात ना?" विमलाबाईंनी विचारलं.

"बक्षीस द्यायच्या वेळी पोचलो," श्वेता हळूच म्हणाली आणि क्षमाला जवळ घेऊ लागली. क्षमा अंग चोरून सोफ्याच्या कडेला सरकली.

टीव्हीवर ओवी सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला क्षमा थांबली आणि माधुरीने, ही पोरगी बघतेय तरी काय म्हणून, फोन मागे वळवला. अंधुक उजेडात लोकांची डोकी दिसली, त्यामागे दार, आणि दाराशी पदर घेतलेली एक म्हातारी. तिचा हात हवेत गोल फिरत होता.

आता सगळं उघडं पडणार!

"ही कोण रे?" चैतन्य हसला. "पंखा चालवतेय काय?"

"असेल कुणाची तरी आजी," सुबोधही हसला. "बघ ना, कशी रंगलीये!"

व्हिडिओ पुढे गेला, टाळ्या वाजल्या, श्वेता कुकर लावायला उठली. विमलाबाई सुटल्या होत्या. सुटल्याचं बरं वाटायला हवं होतं. पण पोटच्या पोराने आपल्याला एवढ्या मोठ्या पडद्यावर बघितलं आणि ओळखलं नाही, हे त्यांच्या काळजात जाऊन बसलं. त्याचा तरी काय दोष? आई घरी असते. ती दुसरीकडे कुठे दिसेल, हे त्याच्या डोक्यात येणार कसं?

त्या उठून घटापाशी गेल्या. मागोमाग क्षमा आली, त्यांना खेटून बसली आणि तिने तेलाची बुधली हातात घेतली.

"आजी," ती अगदी हळू म्हणाली, "कुलूप लावलंस?"

विमलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. पोरीच्या नजरेत सगळं होतं. तिने मंचावरूनच ओळखलं होतं, आणि गाडीत, टीव्हीपुढे, कुठेही तोंडातून शब्द काढला नव्हता.

"लावलंय," त्या म्हणाल्या.

"दिवा विझला?"

"हो गो."

"मग?"

"मग काय? परत लावलंय."

क्षमाने दिव्यात तेल घातलं. एक थेंबही सांडू दिला नाही. बुधली जागेवर ठेवून ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, "पुढच्या वर्षी मी थांबते घरी. मला येतं तेल घालता. तू जा."

इतक्या वर्षांत हे दुसऱ्यांदा कुणीतरी म्हणत होतं. या वेळी विमलाबाई नको म्हणाल्या नाहीत. त्यांनी पोरीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"कुठे जाशील?" क्षमाने विचारलं.

आतून कुकरची शिट्टी झाली. विमलाबाईंना देऊळ आठवलं, गाव आठवला, परळची चाळ आठवली, जिथे आता टॉवर उभा होता. ज्यांच्याकडे जायचं ती माणसं एकेक करून डोळ्यांसमोर आली, आणि त्यांतलं कुणीच आता उरलं नव्हतं.

"सांग ना, कुठे जाशील?"

"थांब गो," त्या म्हणाल्या, "आठवतंय." आणि दिव्याकडे बघत त्या आठवत राहिल्या.