न आलेलं रेनडिअर

काउकोची गाडी खड्ड्यात गेली तेव्हा रस्त्यावर काहीच नव्हतं. रेनडिअर नाही, माणूस नाही, समोरून येणारी गाडीही नाही. शेजारी बसलेली बायको लाइना तेवढी म्हणाली होती, "जरा हळू घे ना." त्यावर तो हसला, मुद्दाम वेग वाढवून वळणात शिरला, आणि गाडी कडेच्या खड्ड्यातल्या बर्फात नाकापर्यंत रुतली. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. पण ट्रॅक्टर घेऊन मदतीला आलेल्या ताइस्तोने विचारलं, "तुझ्यासारख्याची गाडी गेलीच कशी?" तेव्हा काउकोच्या तोंडून निघून गेलं, "रेनडिअर आडवं आलं."

लाइनाने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. चांगलं मोठं होतं."

ताइस्तोचा रेनडिअरांचा कळप त्याच भागात चरायचा. आपलं जनावर वाचवण्यासाठी माणसाने जीव धोक्यात घातला, म्हणून दुसऱ्या दिवशी तो रेनडिअरचं वाळवलेलं मांस घेऊन घरी आला. लाइनाने कॉफी ठेवली. मांस पातळ कापून पुढे केलं. ताइस्तो समोरच बसलेला, त्यामुळे काउकोला नको असतानाही खाणं भाग होतं.

तरुणपणी गोठलेल्या तळ्यावरच्या शर्यतींत काउकोचा हात धरणारा कोणी नव्हता. आता त्याच तळ्यावर त्याची मुलगी मिर्का लोकांना घसरणारी गाडी सावरायला शिकवायची. त्या शनिवारी गावातल्या म्हाताऱ्या मंडळींची पाळी होती. मिर्काने बर्फात प्लायवूडचं रेनडिअर उभं केलं होतं. गाडी वेगात आणायची आणि आयत्या वेळी त्याला वळसा घालायचा.

"आमच्या बाबांनी परवा खऱ्या जनावराला चुकवलंय," ती सगळ्यांना म्हणाली. "बाबा, तूच दाखव."

"दाखव रे काउको!" ताइस्तो ओरडला. "माझ्या पोराबाळांना कसं वाचवलंस ते दाखव!" पोरंबाळं म्हणजे त्याची रेनडिअरं. सगळे हसले.

काउको निमूटपणे जुन्या गाडीत बसला. मिर्का शेजारी आणि लाइना मागे. वेग आला. प्लायवूड जवळ आलं आणि काउकोची नजर त्यावरच खिळली. शेजारून मिर्का ओरडत होती, "ब्रेक सोड! मोकळ्या जागेकडे बघ!" पण पाय ब्रेकवरून निघेना. चाकं जाम झाली. स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच घसरत गेली आणि प्लायवूडचे दोन तुकडे करून थांबली.

काठावर हशा पिकला. "खरं वाचवलंस आणि लाकडी मारलंस होय रे!"

काउकोचे कान तापले. मिर्का हलकेच म्हणाली, "होतं असं, बाबा. पुन्हा घेऊ." ती ज्या सुरात पहिल्यांदा गाडीला हात लावणाऱ्यांशी बोलायची, तोच हा सूर होता. त्याला तो ओळखीचा होता.

लाइनाने मागची काच खाली केली आणि लोकांना सांगितलं, "त्याचा गुडघा दुखतोय कालपासून."

ते मात्र त्याला सोसवेना. स्वतःच्या खोट्यापेक्षा तिचं हे खोटं त्याला जास्त झोंबलं. असं किती वर्षं ती त्याचं झाकत आली होती, कोण जाणे. तो गाडीतून उतरला.

"गुडघा ठणठणीत आहे," तो म्हणाला. आवाज मोठा काढायचा होता, पण निघाला नाही. "त्या दिवशीही रेनडिअर नव्हतं. ही हळू चालव म्हणाली, म्हणून मी जोरात चालवली. बास."

कुणी टोपी नीट केली, कुणी बूट झटकले. मिर्का प्लायवूडचे तुकडे गोळा करू लागली. त्याच्याकडे बघायचं टाळतेय, हे त्याला कळलं.

ताइस्तो पुढे आला. "ते उरलेलं मांसही खाल्लंस?"

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं."

"मग आता काय," ताइस्तो म्हणाला आणि कॉफीच्या थर्मासकडे वळला. काउकोला मात्र त्याने कप भरून दिला नाही.

लाइना पुढे येऊन चालकाच्या जागेवर बसली. हिवाळ्यात ती गाडी चालवायचीच नाही. लग्नानंतर एकदाच, याच तळ्यावर, काउकोने तिला शिकवायला घेतलं होतं. गाडी गर्रकन फिरल्यावर तो मित्रांना बोलावून हसला होता. त्यानंतर तिने नाव काढलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

"मिर्का, मला सांग कसं करायचं ते," ती म्हणाली. "आणि काउको, तू मागे बस. गप्प बस."

तो मागे बसला. गाडी दोनदा भलतीकडेच गेली. तिसऱ्यांदा गाडीचं शेपूट घसरलं तशी लाइनाने पाय उचलला, मान वळवून मोकळ्या बर्फाकडे पाहिलं, आणि गाडी डुलत डुलत सरळ झाली.

"आई! जमलं!" मिर्का ओरडली.

शाबासकी द्यावी असं काउकोच्या मनात आलं. पण आपली शाबासकी आता तिला कशाला हवी असेल, असं वाटून त्याने हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि तो खाली बघत राहिला.

"अजून एकदा," लाइना म्हणाली आणि तिने गाडी वळवली.