माझा आखूड पाय

ओळखलंत का मला? मी कोपऱ्यातल्या टेबलाशेजारची लाकडी खुर्ची बोलतेय. खुर्चीसाठी माणसं काय काय करतात म्हणे! माझ्यावर बसायला मात्र या ऑफिसात कुणी राजीखुशीनं येत नाही, आणि मला त्याची मोठी गंमत वाटते.

मला घडवणारा सुतार फार बोलका. मेव्हण्याशी गप्पा मारता मारता त्यानं माझा एक पाय दोन सूत आखूड कापला. डझनभर बहिणींसोबत मी इथे आले, पण माझ्यावर बसणाऱ्याचा चहा हटकून सांडायचा. शेवटी माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे एका बंद पडलेल्या प्रिंटरशी संसार केला, दोन वर्षं.

मला बाहेर काढलं हेडबाईंनी. हे त्यांचं नाव नव्हे. कंपनीत लिहिल्या जाणाऱ्या संगणकाच्या कोडची शेवटची तपासणी त्या करतात, आणि तीही अशी, की सगळ्यांना शाळा आठवते. एआय आल्यापासून त्यांच्या नाकी नऊ आले होते. आठवडाभराचं काम जेवणाच्या सुट्टीआधी तयार व्हायचं. लिहून घेणारे खूश, पण ते वाचायचं कुणी?

मग त्यांनी नियम केला. कोड कुणीही लिहो, तो आणणाऱ्यानं माझ्यावर बसायचं आणि ओळ न् ओळ काय करते ते तोंडी सांगायचं. ‘एआयनं लिहिलंय’ हे उत्तर चालणार नाही. ज्याला कळलेलं असतं तो स्वस्थ बसतो. ज्याला नसतं तो चुळबुळतो, आणि मी टक् करते. मी चहाडखोर नाही हो, पण पायच आखूड, त्याला मी काय करू?

एकदा वहिनी आली. तिचा धाकटा दीर इथलाच, म्हणून ती साऱ्या ऑफिसची वहिनी. मुलांसाठी सहा वर्षं घरी राहून ती कामावर परतली होती. उमेदवारीची तीन महिन्यांची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि नोकरी पक्की होणं या एका कामावर होतं. एका इस्पितळाच्या वेबसाइटसाठी पान बनवायचं होतं. पेशंटनं आपलं खातं उघडायचं, रिपोर्टचा नंबर टाकायचा आणि रिपोर्ट बघायचा. चार वाजता ते सुरू व्हायचं होतं. कोड एआयचा, तो तपासणाऱ्या दोनशे चाचण्याही एआयच्याच, आणि सगळ्या पास.

वहिनी छान सांगत होती. मी गप्प होते. मग हेडबाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“ही काय करते?”

“नंबर घेते आणि रिपोर्ट दाखवते.”

“कुणाला?”

वहिनी हलली. मी टक् केलं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“थांबा,” ती हळूच म्हणाली. “मी माझ्या खात्यातून सासूबाईंच्या रिपोर्टचा नंबर टाकला, तर तोही उघडेल. रिपोर्ट कुणाचा आहे, हे कुठे विचारलेलंच नाही.”

“मग चाचण्या?”

“त्यात सगळे आपापलाच रिपोर्ट मागतात. दुसऱ्याचा कुणी मागितलेलाच नाही.”

पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच असल्यावर दुसरं काय होणार? वहिनीचे डोळे भरले. आता नोकरी गेली, असं तिनं धरलंच होतं.

हेडबाईंनी फोन उचलून साहेबांना सांगितलं, की पान उद्या सुरू होईल आणि चूक वहिनीनंच शोधलीय. साहेब बराच वेळ कुरकुरले. बाई ढिम्म.

वहिनीनं आधी दुसऱ्याचा रिपोर्ट मागणारी चाचणी स्वतः लिहिली. ती नापास झाली, म्हणजे चूक बरोबर पकडली गेली, तेव्हा या दोघी चक्क हसल्या. मग तिनं कोड दुरुस्त केला. अशी चूक आणखी कुठे आहे का, हे एआयलाच शोधायला लावलं. त्यानं दोन जागा दाखवल्या, त्याही तिनं वाचून पारखून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर तासभर बसली आणि मी हूं की चूं केलं नाही. नोकरी पक्की झाली. दीर तर असा मिरवत होता, जणू कोड त्यानंच लिहिला होता.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझा पाय सारखा करायला सुतार बोलावला. सुतारानं मला उलटी करायला हात घातला, तेवढ्यात वहिनी येऊन माझ्यावर बसली. मग काय वाटलं कोण जाणे, उठून तिनं मला साहेबांपुढे सरकवलं.

“बसा ना. आणि सांगा, पाय का दुरुस्त करायचा?”

साहेब बसले. “त्याचं असं आहे…” म्हणत त्यांनी जागा बदलली.

टक्.

सगळं ऑफिस हसलं, साहेबही हसले. सुतार चहा पिऊन परत गेला.

तर मी अजून इथेच आहे, आखूड पायासकट. कधी आलात तर जरूर बसा. फक्त माझ्या पायाखाली कागदाची घडी सरकवू नका, एवढंच मागणं आहे.