एका तासाचं पाऊल

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पांढऱ्याचा पिवळा पडलोय, पण डोकं अजून शाबूत आहे बरं का! कॉलेजनं मला भंगारात काढलं, तेव्हा गणिताच्या चारुलताबाईंनी मला रिक्षात मांडीवर घेऊन छत्रीबागेतल्या घरी आणलं. तो मान मी विसरलेलो नाही. एकेकाळी माझ्यापुढे पोरांची रांग लागायची. आता महिनोन्‌महिने अंगावर टॉवेल असतो. जाऊ दे.

मागच्या शनिवारी दुपारी बाईंची जुनी विद्यार्थिनी उर्वी आली. सांवेर रोडच्या एका कारखान्यात ती इंजिनियर आहे. “बाई, तुमचं गणित कामाला आलं!” तिची कळी खुलली होती. भट्टीतला तापमापक बिघडला होता. आठशे अंशांवरची भट्टी एक वाजता बंद केली होती. तीन तासांत ती बेचाळीस अंशांवर येईल, असं उर्वीनं गणितानं काढलं होतं. त्या भरवशावर चार वाजता कारखान्यातले मिस्त्री संताजीकाका आत हात घालून नवा तापमापक बसवणार होते.

“पाऊल केवढं घेतलंस?” बाईंनी विचारलं.

“एक तासाचं. एकेका तासात किती अंश उतरतील, ते काढत पुढे गेले. आमच्या रजिस्टरमध्ये दर तासालाच टेम्परेचर लिहितात ना.”

बाईंचा चेहरा उतरला. “अगं, भट्टी काय रजिस्टर बघून थंडी होते? ती निवत जाते तसा निवण्याचा वेगही कमी होतो. तू तासभर सुरुवातीचाच वेग धरलास! बस इथे, पाऊल अर्धं कर.”

साडेतीन वाजले होते. मला सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात; दोघींचा जीव टांगणीला! अर्ध्या तासाचं पाऊल घेतलं, उत्तर आलं शहात्तर. पाव तासाचं घेतलं, चौऱ्याण्णव. एक मिनिटाचं, एकशेदहा. अर्ध्या मिनिटाचं, एकशेअकरा. पाव मिनिटाचं, पुन्हा एकशेअकराच!

काय सांगू तुम्हाला! मी भट्टी कधी पाहिलेली नाही. मला येतात त्या साध्या बेरजा, वजाबाक्या, गुणाकार. तरी इतक्या लांब बसून त्या बंद दारामागची धग मला कळली! पावलं बारीक होत गेली तसा आकडा खऱ्याकडे सरकत गेला आणि तिथे ठरला. इतकी वर्षं मोजतोय, पण हे नवल काही सरत नाही.

उर्वीनं फोन लावला. “काका, दार उघडू नका! माझं चुकलं. आत उकळत्या पाण्याहून जास्त गरम आहे!”

“अरे बाप रे! बेटा, मी तर ग्लव्ह्ज काढून रेडी उभा होतो. बारीक स्क्रू ग्लव्ह्ज घालून थोडीच फिरतो! तू सांगितलंस, म्हणून मी बेफिकर होतो.”

फोन ठेवून उर्वी ढसाढसा रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, बेचाळीस हा आकडाही माझ्याच एखाद्या भाऊबंदानं छाती पुढे काढून सांगितला असणार. आम्ही चुकीचं उत्तरसुद्धा तेवढ्याच रुबाबात देतो. म्हणून विनवतो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण उत्तर आलं की पाऊल अर्धं करून मला पुन्हा एकदा विचारा. त्या उत्तरावर विसंबून कुणीतरी आपला उघडा हात आत घालणार असतो.