दोसिंदाच्या पुढची वाळू

ओले बोट लावले तर फोन ऐकत नाही, हे आम्हाला पहिल्याच सकाळी कळले. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून आम्ही सगळ्या बायका गळ्यातल्या फोनवर बोटे आपटत होतो आणि ‘काम सुरू’ हे हिरवे बटण काही दबत नव्हते. शेवटी बाल्बिनाने माझ्या डोक्याच्या रुमालाला आपले बोट पुसले आणि पुन्हा दाबले. दबले. तेव्हापासून तीच रीत पडली. आमच्या कामात डोक्याचा रुमाल तेवढा कोरडा राहतो. एकमेकींच्या रुमालाला बोट पुसायचे, बटण दाबायचे आणि ओहोटीच्या मागोमाग वाळूत उतरायचे.

आम्ही तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या खायच्या शिंपल्या, काढणाऱ्या बायका. स्पेनमधल्या गॅलिशियाच्या खाडीत ओहोटीला उघडी पडणारी लोम्बा नावाची वाळूची पट्टी हेच आमचे शेत. लांब दांड्याच्या दाताळ्याने वाळू ओढायची, वर आलेली तिसरी उचलायची, मापाच्या भोकातून घालून बघायची. आरपार पडली तर ती लहान, तिला परत वाळूत सोडायचे. अडकली तर बादलीत.

एक काळ असा आला होता की सकाळभर वाळू ओढली तरी बादलीचा तळ झाकत नसे. घरी बसलेल्या बायकांच्या नावावर दुसरेच कोणी माल काढायचे, माप कोणी बघत नव्हते, आणि लोम्बा रिकामी होत गेली. म्हणून कोळ्यांच्या संघाने फोन आणले. कोण कुठे उतरली, कुठे कुठे फिरली, सगळे फोन लिहून ठेवतो. रोज ठरल्यापेक्षा जास्त काढायचे नाही. प्रत्येकीच्या पिशवीवर तिचे नाव आणि फोटो असलेली चिठ्ठी लागते, आणि कुठल्याशा दूरच्या शहरातला आचारी ती वाचून माल मागवतो. मी तक्रार करणार नाही. लोम्बा पुन्हा भरली आणि भावही बरा मिळू लागला. आमच्यातल्या दोसिंदाचा फोटो असा रागीट आला होता की खाणाऱ्याने तिची परवानगी घेऊनच तोंड उघडावे. तरी सारागोसाच्या एका आचाऱ्याने निरोप धाडला, त्या रागावलेल्या बाईंच्या तिसऱ्या पुन्हा पाठवा. दोसिंदा म्हणाली, त्याला सांगा, मी हसले तर भाव वाढेल.

एक गोष्ट मात्र गेली. पूर्वी कोणी आजारी असली, पोटुशी असली, तर जाता जाता प्रत्येकजण तिच्या बादलीत मूठभर तिसऱ्या टाकायची. त्याला आम्ही मीठ घालणे म्हणायचो. आता एकीच्या बादलीतले दुसरीच्या बादलीत गेले तर दोघींचा परवाना जातो. नियम खोटा होता असे नाही. रिकामी लोम्बा मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

दोसिंदा आणि मी एका गल्लीत वाढलो. शाळेच्या वयात दोघीही वाळूत होतो. अक्षरे शिकलो ती नातवंडे झाल्यावर, संघाच्या माडीवर, एकाच बाकावर बसून. फोन आले त्याच वर्षी तिच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले. वाकता येई, उचलता येई, पण दाताळे ओढता येईना. दोनदा ओढले की ती दांड्यावर हनुवटी टेकून उभी राही आणि आम्ही बघत नाही ना हे बघे.

ईस्टरनंतर तिचे निवृत्तिवेतन सुरू व्हायचे होते. तोवर परवाना टिकायला हवा होता. महिन्याचा किमान माल भरला नाही तर परवाना वाट बघणाऱ्या पुढच्या बाईकडे जाई, आणि परवाना गेला की निवृत्तिवेतनही गेले. नवरा केव्हाच वारलेला. मुलगी स्वित्झर्लंडला कामाला, ती म्हणे, आई, घर विक आणि इकडे ये. दोसिंदा म्हणे, तिथे समुद्र नाही, मी काय तळ्याकडे बघत मरू?

पहिल्या महिन्यात बाल्बिनाने सवयीने तिच्या बादलीत मूठ सोडली. दोसिंदाने ती तशीच उचलून पाण्यात फेकली.

“तुझा परवाना तुला जड झालाय का गं?”

“मीठ घातलं फक्त.”

“घरी जाऊन कढणात घाल.”

त्यानंतर कोणी धजली नाही. दिवसअखेर तिची पिशवी वजनाला लागे तेव्हा आम्ही दुसरीकडे बघत बूट धूत असू.

मग एका सकाळी मी तिच्या जरा पुढे वाळू ओढत होते. चांगली जाड तिसरी वर आली. मी वाकले, आणि काय मनात आले, ती तिथेच राहू दिली. दुसरी आली, तीही राहू दिली. दाताळे ओढत मी पुढे गेले. मागे पाणी डुचमळले, मग मापाचा खट्ट आवाज. मी वळून बघितले नाही. तिच्या बादलीत मी काहीच टाकले नव्हते. मी वाळू ओढली होती, आणि वाळू ओढणे हे तर माझे कामच.

बाल्बिनाच्या नजरेतून काही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन वाळू ओढू लागली. आठवडाभरात आणखी तिघी आल्या. आम्ही आळीपाळीने थोडा वेळ तिच्या पुढे फिरायचो आणि मग आपापल्या जागी जायचो. कोणी काही ठरवले नाही, कोणी काही बोलले नाही. दोसिंदा मागून मोठ्याने म्हणायची, “ही ओब्दुलिया म्हातारी झाली रे देवा. पायाखालचं दिसत नाही हिला.” आणि वाकून उचलायची. तिच्या पिशवीचे वजन भरू लागले.

हिवाळ्यात संघाची बैठक झाली. संघाच्या कामावर असलेली जीवशास्त्रज्ञ उशिया ही आमच्याच गावची मुलगी. तिची आईही वाळूतच राबली. कुठे वाळू जास्त उपसली जाते आणि कुठे विसावा द्यायला हवा हे दाखवायला तिने सगळ्यांच्या फोनमधल्या वाटा भिंतीवर उमटवल्या. प्रत्येकीची वाट वेगळ्या रंगाची. आमच्या वाटा साऱ्या पट्टीभर पसरलेल्या, आणि दोसिंदाची एक आखूड निळी रेघ. त्या निळ्या रेघेच्या पुढे मात्र पाच रंगांचा असा गुंता झाला होता, जणू कोणी लेस विणायला घेतली आहे.

आम्ही काय केले ते वाळूवर उरत नाही, भरती येते आणि पुसून टाकते. फोनने मात्र सारे ठेवले होते.

उशियाने त्या गुंत्यावर बोट ठेवले. “हे मला कळलं नाही. या जागी इतक्या जणी फिरता, पण तिथून माल आणत नाही. उलट जेवढा वेळ इथे असता तेवढा तुमचा कमी भरतो. का?”

बाल्बिना म्हणाली, तिथलं पाणी उबदार आहे. खोलीत हशा झाला, पण उशिया हसली नाही. ती त्या निळ्या रेघेकडे बघत राहिली. तिला कळत होते, आणि तिला कळत आहे हे आम्हालाही कळत होते.

दोसिंदा उठली. खुर्चीला धरून, डाव्या हाताने.

“ती निळी मी. या बायकांना वाटतं मी आंधळी आहे,” ती म्हणाली. “साठ वर्षं वाळूत काढली मी. तिसरी कधी वर येऊन, कुशीवर पडून माझी वाट बघत बसत नाही. पहिल्याच दिवशी कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?” मी विचारले.

“बोलले असते तर तू थांबली असतीस.” मग ती उशियाकडे वळली. “परवाना काढायचा तर माझा काढ पोरी. यांचा नको.”

उशियाने तिला बसायला सांगितले. ती बसली नाही. उशियाने विचारले, मावशी, तुमच्या बादलीत कधी कोणी काही टाकलं का? दोसिंदा म्हणाली, एकदा बाल्बिनाने, ते मी फेकून दिलं. बाकी प्रत्येक तिसरी मी वाकून उचलली, मापातून घातली. लहान निघाली ती परत पुरली. हवं तर माझ्या कमरेला विचार.

उशियाने फोनवर नियम काढला आणि आम्हाला वाचून दाखवला. तिसरी वाळूतून जी उचलेल आणि मापेल, तिच्याच नावावर ती जाईल. वाळू कोणी हलवावी याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. तरी ती म्हणाली, मी हा नकाशा लपवणार नाही. कार्यकारिणीसमोर आहे तसा ठेवीन. त्यांना जे वाटेल ते.

दोन आठवडे आम्ही दोसिंदाच्या पुढे गेलो नाही. ती रोज उतरायची, दोनदा ओढायची, दांड्यावर हनुवटी टेकायची. जवळजवळ रिकामी पिशवी घेऊन घरी जायची. एके दिवशी तिने मला विचारले की स्वित्झर्लंडला हिवाळ्यात रुमाल पुरतो की टोपी लागते. मी म्हटले, मला काय ठाऊक.

निर्णय सांगायला उशिया स्वतः रबरी बूट घालून पट्टीवर आली. कार्यकारिणीतही बहुतेक बायकाच, वाद बराच झाला होता. एकीचे म्हणणे, आज हे चालवले तर उद्या पुन्हा जुना घोळ. शेवटी ठरले ते असे: दोसिंदाच्या निवृत्तीपर्यंत चालेल, पण ते फोनवर उघड नोंदवून. आम्ही तिच्यासाठी वाळू ओढू तेवढा वेळ आमचा माल बंद. माप तिचे तिने करायचे.

“लपून करायचं नाही म्हणजे झालं,” उशिया म्हणाली.

बाल्बिना म्हणाली, “लपून करायला मजा येत होती.”

आणि दाताळे घेऊन पुढे झाली.

ईस्टर आला तसा गेला. दोसिंदाच्या शेवटच्या सकाळी ऊन होते आणि पाणी लांब ओसरले होते. पिशवी भरली तरी ती निघेना. माझ्या हातातून दाताळे काढून घेतले आणि माझ्या पुढे जाऊन डाव्या हाताने ओढू लागली. वाकडीतिकडी चरी पडली, पोराने काढल्यासारखी. मी म्हटले, पुरे, खांदा निखळेल. ती म्हणाली, गप्प, मी काम करतेय. बऱ्याच वेळाने एक तिसरी वर आली.

“उचल. तुझी.”

मी उचलली, मापात घातली. ती आरपार पडली.

दोसिंदाने मापाच्या भोकातून माझ्याकडे पाहिले आणि हसू लागली. फोटोत जो चेहरा कधी हसला नाही तो असा हसत होता की बाल्बिना लांबून विचारू लागली, काय झालं, काय झालं. मी त्या लहान तिसरीला अंगठ्याने वाळूत परत दाबले.

मग तिने फोन काढला. ‘काम संपले’ हे बटण लाल असते. तिने बोट लावले, फोनने ऐकले नाही. पुन्हा लावले. बोट ओले होते, आणि आता नुसते पाण्यानेच ओले नव्हते, डोळे पुसून झाले होते.

मी मान खाली घातली. तिने माझ्या रुमालाला बोट पुसले, सावकाश, जरा जास्तच वेळ, आणि बटण दाबले.