पलीकडची मूठ

मी चोवीस इंची चेनसॉ बोलतोय. इंच आधी सांगितले, कारण माझं भलंबुरं जे काही झालं ते त्या इंचांपायीच.

दुकानात मी सगळ्यात वरच्या फळीवर असायचो. गिऱ्हाइकं मान वर करून माझ्याकडे बघायची, "बाप रे!" म्हणायची आणि खालचा सोळा इंची घेऊन जायची. कौतुक माझं, घर मात्र त्याला. दोन वर्षं मी नुसती धूळ खाल्ली.

मग एक दिवस एक म्हातारे सुतार आले. त्यांना सगळे थोरले म्हणायचे. धाकटे म्हणजे त्यांचे भाऊ, तेही सुतारच, कुंपणापलीकडच्या घरात राहणारे.

"लाकूड केवढं आहे?" दुकानदारानं विचारलं.

थोरल्यांनी हात फाकवले. "बावीस इंच. दगडासारखं टणक. थंडीच्या आत सरपण झालं पाहिजे."

"मग अठरा इंची न्या, काका. इंजिन दणकट आहे. अर्धं या बाजूनं कापायचं, अर्धं पलीकडून. हा वरचा तुम्हाला पेलायचा नाही."

थोरल्यांनी फाकवलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "पलीकडे आता कोणी नाही."

"अहो, माणूस कशाला लागतो? तुम्हीच वळसा घालून जायचं की!"

पण थोरल्यांचं बोट माझ्याकडे गेलं होतं. मी हुरळून गेलो. वाटलं, अखेर पारख असलेला माणूस भेटला.

त्यांच्या परसातल्या खोपटात मला ठेवलं. समोरच्या भिंतीवर एक लांब करवत टांगलेली होती, दोन्ही टोकांना मुठी असलेली, दोघांनी ओढायची. मुठी हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. मी दोनतीनदा बोलायचा प्रयत्न केला, पण तिनं काही दाद दिली नाही.

घरात थोरले एकटेच, त्यामुळे भिंतींशी बोलायची सवय. त्यातूनच मला सगळं कळलं. कुंपणाला लागून त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड होतं. ते कलायला लागलं तेव्हा थोरले म्हणाले, तोडू या. धाकटे म्हणाले, बाबांच्या झाडाला हात लावायचा नाही. शेवटी वाऱ्यानंच ते पाडलं, तेही थोरल्यांच्या न्हाणीघराचा पत्रा चेपून. थोरले कुंपणापलीकडे बघून एवढंच म्हणाले, "बघितलंस?" धाकट्यांनी आत जाऊन कडी लावली. ती दोन वर्षं लागलेलीच होती, आणि ओंडका परसात तसाच पडून होता.

थंडी तोंडावर आल्यावर एका सकाळी थोरल्यांनी मला उचललं. त्यांचे हात तेव्हाच थरथरत होते. मला ते दिसलं होतं, पण मला माझी ताकद दाखवायची होती. मी असा गरजलो की कावळेही उडाले. अर्ध्याच्या खाली उतरलो आणि ओंडका हळूच खचला, काप मिटला, माझं पातं आत आवळलं गेलं. साखळी थांबली. थोरल्यांनी मला बंद केलं. ओढलं, हिसकलं, घाम पुसून पुन्हा ओढलं. मी तसूभरही हललो नाही. मग ते ओंडक्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला फार लाज वाटली.

कुंपणाची फळी सरकल्याचा आवाज आला. धाकटे आले होते, हातात हातोडा आणि लाकडी पाचर घेऊन.

"पाचर न मारता कापायला घेतलंस?"

"पाचर तू मारायचास," थोरले म्हणाले.

खरंच होतं ते. चाळीस वर्षं करवत दोघं ओढायचे, पण काप मिटू नये म्हणून त्यात पाचर ठोकायची ती धाकट्यांनी. थोरल्यांना ते काम लक्षात ठेवायची कधी वेळच आली नव्हती.

धाकट्यांनी चार ठोके घातले, काप उघडला, मी सुटलो. मला बाजूला ठेवत ते म्हणाले, "हे धूड कशाला आणलंस, दादा? मला हाक मारायला काय घसा बसला होता?"

"मारली असती तर आला असतास?"

"नसतो आलो," धाकटे म्हणाले. "पण मारायची तरी."

थोरले उठले. खोपटात गेले आणि ती जुनी करवत घेऊन आले. एक मूठ स्वतः धरली आणि दुसरी पुढे केली.

त्या थंडीचं सगळं सरपण त्या करवतीनं कापलं. दोघं कापण्यापेक्षा भांडायचेच जास्त, पण शेगडीला लाकूड कमी पडलं नाही.

मला पुन्हा खोपटात नेऊन ठेवलं. करवत आता रोज लागते म्हणून बाहेरच टेकवलेली असते. समोर नुसता खिळा आहे. अबोल का होईना, तिची सोबत होती. माझ्या साखळीवर गंज चढलाय, टाकीतलं तेल आटलंय. बाहेर दोघांचं हसणं ऐकू येतं तेव्हा बरं वाटतं, आणि वाईटही वाटतं.

तुम्हाला कधी जाड, टणक लाकूड कापायचं असेल, तर ओंडका मोजा, उचलणाऱ्याचे हातही मोजा आणि पाचर विसरू नका. पण त्याआधी कुंपणापलीकडे एक हाक मारून बघा. कोणी आलं, तर मी नको. आणि कोणीच आलं नाही, तर मला घेऊन जा. मलाही कोणी नाही.