बुटातली किल्ली

धाकटीने घरात पाऊल टाकलं आणि मागे दार धाडकन आपटलं. आतल्या खोलीतून थोरल्याची किंकाळी आली.

"दार हाताने धरून लावायचं," आई म्हणाली. "समोरच्यांच्या चार वर्षांच्या पोरीच्या लक्षात राहतं."

"चुकलं."

थोरला तिशीचा होता. तो ऑटिस्टिक आहे हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, कारण आईने दारोदार जाऊन सांगितलं होतं, वेळ पडली तेव्हा भांडलीही होती. आता तिच्या घरी येणारा प्रत्येक जण हळू बोलायचा. त्या एका बाबतीत बाईने जग वाकवलं होतं.

जेवताना धाकटीने मान खाली घालूनच सांगितलं, "मी डॉक्टरकडे जाऊन आले. एडीएचडी आहे म्हणाले. लहानपणापासूनच असणार."

मुक्कामाला आलेली आत्या हसली. "अगं, हल्ली सगळ्यांनाच असतं ते. माझा चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधते."

"आत्या, दुकानाचं शटर मी उघडते. पुन्हा किल्ल्या विसरून उशीर झाला तर येऊच नकोस म्हणालेत मालक."

"मग लक्ष दे," आई म्हणाली. "दादाचं खरं आहे, बाळा. तुझा नुसता धांदरटपणा. एका घरात एक पुरे."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं नाही. पण ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाला शब्द मागे घ्यायचंही जिवावर येतं. धाकटीने ताट उचललं आणि पाण्याचा पेला तिथेच विसरली.

सकाळी केर काढताना आईला धाकटीच्या डाव्या बुटात किल्ल्या दिसल्या. हे रोजचंच होतं. थोरल्याचा काहीतरी खुळा नाद, असं म्हणत तिने त्या नेहमीसारख्या उचलून खुंटीला अडकवल्या. जागची वस्तू जागेवर हवी. थोड्या वेळाने धाकटी धावतपळत आली, बुटात पाय कोंबले आणि गेली.

थोरला बाहेर आला. त्याने खुंटीकडे पाहिलं आणि दोन्ही कान घट्ट झाकून घेतले.

"काय झालं रे?"

"ती परत येणार. कपाटं उघडणार. ओरडणार." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "बूट घातल्याशिवाय ती जात नाही. म्हणून मी बुटात ठेवतो. तू काढतेस."

आईने खुंटीवरच्या किल्ल्या हातात घेतल्या. धाकटी किती वेळा सकाळची जिन्यावरून परत फिरली होती, आणि आपण दारात उभं राहून काय काय बोललो होतो, ते तिला एकामागून एक आठवायला लागलं.

जिन्यात पावलं वाजली. धाकटी धापा टाकत दारात आली. आईच्या हातात किल्ल्या बघून तिचा चेहरा पडला.

"अगं, ऐक, मीच..." आईने तोंड उघडलं.

"माहीत आहे. चुकलं माझं," धाकटी घाईने म्हणाली. "माझंच लक्ष नसतं. तू बरोबर बोललीस काल."

किल्ल्या घेऊन ती वळली. उंबऱ्याबाहेर तिला काहीतरी आठवलं. ती थांबली, उशीर होत असतानाही मागे फिरली आणि दोन्ही हातांनी धरून, जराही आवाज न करता तिने दार ओढून घेतलं.

थोरल्याने कानांवरचे हात काढले.