पालखी नसलेले फोटो

बांबूचा दुसरा घाव बसला आणि डोकं झाकणारा, समोरच्या गावच्या गेन्ताचा हात गळून पडला. तिसरा घाव उघड्या डोक्यावर बसला. बांबू इत्सुकीच्या हातात होता, आणि इत्सुकी तोकुजीचा सख्खा पुतण्या. तरी तोकुजीचं बोट कॅमेऱ्यावरून उठलं नाही. उभा जन्म वर्तमानपत्रासाठी फोटो काढलेलं बोट ते, नातीगोती बघत बसत नाही.

जपानातल्या इसोहामा आणि ताकेसाकी या दोन गावांच्या पालख्या दर शरदात एकमेकींवर आदळतात. जितकी लाकडं मोडतील तितका देव खूश. माणसंही मोडतात. कोणी गेलाच तर ‘पालखीखाली आला’ म्हणायचं, म्हणजे दोष कोणाचाच नाही. आज मात्र पालखी इथून लांब, पार देवळापाशी होती.

गेन्ता हलेना. तोकुजीभोवती इसोहामाच्या घामेजल्या उघड्या अंगांचं कोंडाळं झालं. एकाने पोटात गुडघा घातला, दुसऱ्याने कॅमेरा हिसकून उलटा केला.

"पडदा कुठाय ह्याचा? फोटो खोडायचे कुठून?"

"फिल्मचाय तो, येड्या. म्हाताऱ्याचं खेळणं!"

दुसऱ्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने आपले फोटो केव्हाच खोडून दाखवले होते. सगळं जग डिजिटलकडे पळत असताना तोकुजीने हा नवाकोरा फिल्म कॅमेरा हट्टाने घेतला होता, ऑफिसभर हसं करून घेऊन.

धाकटा भाऊ मासातो पुढे आला. इत्सुकीचा बाप, आणि इसोहामाचा म्होरक्या.

"दादा, एकुलता एक पोरगा आहे रे माझा. उघड ते झाकण."

तोकुजीने ओठावरचं रक्त पुसलं, कॅमेरा मागून घेतला आणि दोन बटणं एकदम दाबली. आत घरघर झाली.

"हे काय करतोयस?"

"उघडायच्या आधी करावं लागतं."

मग त्याने झाकण सताड उघडलं. भर दुपारचं ऊन आत पडलं.

"गेले?"

"बघ की, ऊन लागलंय."

त्या घरघरीत फिल्म आपल्या डबीत गुंडाळून बसली होती. तिथे ऊन पोचत नाही, हे त्या घोळक्यात एकट्या तोकुजीला ठाऊक होतं. मासातोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो झटकून टाकावा असं तोकुजीला वाटलं, आणि त्याच हातावर डोकं टेकून रडावं असंही.

गेन्ताची आई मासळीबाजारातून तशीच धावत आली, रबरी बूट घातलेली. मुलाच्या नाकाशी तिने बोट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग त्याच्या कपाळाला बांधलेली उत्सवाची पट्टी सरळ केली, उठली आणि रीतीप्रमाणे मासातोपुढे कमरेत वाकली.

"आमच्या गेन्तामुळे तुमच्या उत्सवात विघ्न आलं. माफ करा."

"देवाची मर्जी," मासातोही वाकला. "पालखीखाली आला बिचारा."

इत्सुकी सगळ्यांत खाली वाकला.

तोकुजीने कॅमेऱ्यातून डबी काढली आणि गेन्ताच्या आईच्या ओल्या तळव्यावर ठेवून तिची मूठ मिटवली.

"बाई, ही शहरातल्या पोलिसांकडे न्या. वाटेत उघडू नका."

"काय आहे यात?"

"गेन्ता आहे," मासातोला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. "पालखी नाही."